नऊ नंबरचं खोटं घर

खोटं घर चढवायला एक दिवस पुरतो, उतरवायला दोन लागतात.

आमच्या साईटवर चोवीस घरांचं काम चालू होतं आणि जमीन चांगली नव्हती. वरची दोन फूट माती काढली की खाली करडी चिकणमाती लागायची. बोटाने दाबली तर ठसा तसाच राहायचा. कधीकाळी इथे तळं असावं. अशा जमिनीवर थेट घर बांधलं तर ते वर्षानुवर्षं खाली बसत राहतं, तेही सगळीकडून सारखं नाही. मग भिंती तडकतात, दारं अडकतात. म्हणून आधी मुरूम आणायचा, वीतभर जाडीच्या थरांनी पसरायचा, पाणी मारायचं, रोलरने दाबायचा आणि एक सपाट चौथरा करायचा. त्याला आम्ही पॅड म्हणतो. एका घराला एक पॅड. पॅड झाला की त्यावर पुरुषभर उंचीचा मातीचा ढीग रचायचा. ढिगाचं वजन होणाऱ्या घराच्या वजनापेक्षा थोडं जास्तच. दोन महिने ढीग तसाच ठेवला की खालची चिकणमाती आपल्यातलं पाणी सोडते आणि जेवढी बसायची तेवढी आधीच बसून घेते. मग ढीग काढायचा, वरचा थर सारखा करायचा आणि खरं घर बांधायचं.

त्या ढिगाला साईटवरचे लोक खोटं घर म्हणतात. जमिनीला फसवायचं, बाकी काही नाही. तिला वाटतं घर आलं आणि ती बसते.

माझं काम मोजायचं. भूशास्त्रात पदवी घेऊन दुसऱ्याच महिन्यात मी इथे माती तपासायला लागले. थर किती घट्ट झाला, मातीत पाणी किती, पॅड किती खाली गेला. मी ‘पॅड योग्य’ असं लिहून सही केल्याशिवाय त्यावर काँक्रीट पडत नाही. साईटवर मला मिलिमीटर म्हणतात. हे बारसं भाऊजींनी केलं. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना तीन मिलिमीटरसाठी अख्खा थर उकरायला लावला होता, त्याचा सूड.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. ते रोलर चालवतात. ताई माझ्याबरोबर असते. मी लेव्हलच्या, म्हणजे जमिनीचा उंचसखलपणा मोजायच्या यंत्राच्या, दुर्बिणीतून बघते, ती समोर आकडे रंगवलेली उंच पट्टी धरून उभी राहते. आठ वर्षं ती दोघं या कंपनीत आहेत. आठ वर्षांत अकरा साईट झाल्या आणि अकरा पत्र्याच्या खोल्या. भिंतीला खिळा ठोकणंसुद्धा ताईने सोडून दिलं होतं. “निघताना उपटायचाच आहे, तर ठोका कशाला?” म्हणायची.

या वेळी कंपनीने जुन्या माणसांसाठी सहा घरं राखून ठेवली होती. नऊ नंबर ताईचा. पण अट अशी, की ज्या पॅडवर शनिवारपर्यंत सही होईल तेवढीच घरं पहिल्या टप्प्यात. उरलेली दुसऱ्या टप्प्यात, आणि दुसरा टप्पा कधी, ते साहेबांनाही ठाऊक नव्हतं. तोवर सगळ्यांची रवानगी बाराव्या साईटवर, बाराव्या पत्र्याखाली.

थोडक्यात, ताईचं घर माझ्या सहीवर अडलं होतं.

सोमवारी सकाळी नऊ नंबरवरचा ढीग पूर्ण उतरला. मी लेव्हल लावली. आमची लेव्हल जुनी आहे, तिच्यातून सगळं उलटं दिसतं. ताई आभाळात पाय रोवून उभी आणि तिचं डोकं खाली लोंबतंय. एव्हाना मला त्याची सवय झाली होती.

“पट्टी सरळ धर.”

“सरळच आहे. तूच मला उलटी बघतेयस.”

ढिगाखालून निघालेला पॅड नेहमी बशीसारखा दिसतो. मध्ये जास्त दबलेला, कडांना कमी. आठ नंबर बशी होता, दहा नंबर बशी होता. नऊवर आकडे उड्या मारत होते. एका ठिकाणी बाजूच्या बिंदूपेक्षा चार मिलिमीटर खोल, मग पुन्हा वर. मी तेच बिंदू परत घेतले. आकडे तेच आले. लेव्हल बिघडली असेल म्हणून तिची दोन खुंट्यांमधली चाचणी केली. लेव्हल ठीक होती. मग मी एक मीटरऐवजी अर्ध्या मीटरवर बिंदू आखले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. दोनशे पंच्याऐंशी बिंदू. ताई दोनशे पंच्याऐंशी वेळा उभी राहिली.

रोलर थांबवून भाऊजी वरूनच ओरडले, “काय मिलिमीटरबाई, मेव्हणीनेच घराला नापास केलं असं ऐकायला मिळणार का आता?”

“अजून तपासतेय, भाऊजी.”

“तपासा, तपासा. लग्नाआधी तुमच्या वडिलांनी मलाही एवढं तपासलं नव्हतं.”

“तिथेच चुकलं,” ताई पट्टी न हलवता म्हणाली.

जेवण झाल्यावर मी प्रयोगशाळेत बसले. प्रयोगशाळा म्हणजे एक पत्र्याची पेटी, त्यात एक भट्टी, दोन तराजू, एक टेबल. आलेख कागदावर दोनशे पंच्याऐंशी आकडे भरले आणि सारख्या खोलीचे बिंदू रेघांनी जोडायला लागले. पाऊण तासाने माझा हात थांबला.

कागदावर घर होतं.

भिंती जिथे येणार तिथे तीन-चार मिलिमीटर खोल असे सरळ पट्टे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मोरी. पट्टे मध्येच तुटत होते, ते दारांच्या जागी. मी नकाशा काढून कागदाखाली धरला आणि खिडकीच्या काचेला लावला. रेघांवर रेघा बसल्या. ज्याच्या वजनाने हे झालं तो ढीग सगळीकडे सारख्या उंचीचा होता, त्याला ना खोल्या होत्या ना दारं. पॅडवर अजून चुन्याची एक रेघही पडलेली नव्हती.

खरं सांगायचं तर मी घाबरले नाही. मला आनंद झाला. असं काही आजवर कुणी मोजलेलं नसणार, असं मनात आलं. मी कारणं शोधायला बसले. खाली जुने पाट असतील. मुरूम पसरताना डंपर ठरावीक रेषांवरून गेला असेल. पण डंपर दारापाशी थांबून पुढे पुन्हा सुरू होत नाही.

संध्याकाळी मी ताईच्या खोलीवर गेले. ती पीठ मळत होती, भाऊजी पायरीवर बसून बुटातली माती काढत होते. मी विचारलं, “नऊ नंबरच्या ढिगावर कुणी काही ठेवलं होतं? विटा, पाइप?”

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. शाळेत फळ्यावर नाव आल्यासारखे चेहरे झाले होते.

“काही ठेवलं नव्हतं,” ताई म्हणाली. “आम्ही जात होतो.”

“कुठे?”

“वर. रविवारी.”

मग भाऊजींनी सांगितलं. दोन महिन्यांचे सगळे रविवार ती दोघं ढिगावर चढून बसत होती. थर्मासमधून चहा न्यायची. ताई काठीने रेघ ओढून म्हणायची, हे स्वयंपाकघर, तुम्ही बूट काढून या. ते दार नसलेल्या दारावर टकटक करायचे. एकदा तर भांडणही झालं होतं, पलंग कुठल्या भिंतीला लावायचा यावरून.

“तुला हसू येत असेल,” ताई म्हणाली.

मला हसू येत नव्हतं. “काठीच्या रेघेने पुरुषभर मातीच्या खालचा पॅड दबत नाही,” मी म्हणाले.

“मग झालं तर.” भाऊजींनी बूट आपटला. “पण पाणीवाल्या काकांना सांगू नकोस. ते ओरडतील.”

पाणीवाले काका टँकर चालवतात. साईटवर सगळ्यांत जुने तेच. खोट्या घरावर बसायचं नाही, जेवायचं नाही, बोलायचं तर मुळीच नाही, असा त्यांचा दंडक होता. नवीन माणसाला ते पहिल्या दिवशीच बजावायचे, “अरे, फसवायचं तर फसवणाऱ्यासारखं फसवावं. तिच्यासमोर खरं बोलायचं नाही.” आम्ही सगळे मान डोलवायचो आणि पाठ फिरली की हसायचो.

मंगळवारी आम्ही नऊ नंबरवर मुरुमाचा पातळ थर टाकला. काकांनी पाणी मारलं. भाऊजींनी रोलरच्या बारा फेऱ्या मारल्या. माती पुरेशी घट्ट झाली की दहा टनांचा रोलर तिच्यावर दबत नाही, किंचित उडतो, आणि चालवणाऱ्याला ते कमरेत कळतं. नवव्या फेरीलाच भाऊजींनी अंगठा वर केला. तरी मी उरलेल्या तीन मारायला लावल्या. मग घनतेची चाचणी घेतली, उत्तम आली. सगळे बिंदू मोजले. पॅड आरशासारखा सपाट होता.

“कर सही,” भाऊजी म्हणाले.

“सकाळी एकदा बघते.”

“बघ, बघ. एक रात्र झोपू दे त्याला.”

बुधवारी सकाळी साडेसात वाजता काकांनी नेहमीसारखा टँकर फिरवला. ऊन चढायच्या आत पॅड ओला ठेवावा लागतो, नाहीतर वरचा थर भेगाळतो. पाणी पसरलं, मुरलं. पण काही जागी ते मुरेना, साचून राहिलं. सपाट जागेवर पाणी साचत नाही. मी कडेला उभी होते. लेव्हलची गरजच पडली नाही.

भिंती पाण्याच्या बारीक रेघांनी दिसत होत्या. मागच्या खोलीत, भिंतीपासून हातभर अंतरावर, एक लांबट आयत. सहा फूट लांब, अडीच फूट रुंद. त्याच्या चार कोपऱ्यांना चार वाटोळे ठिपके, पलंगाच्या पायांएवढे. आयताच्या आत पाणी सारखं नव्हतं. एका टोकाला थोडं, मध्ये कमरेच्या जागी सर्वांत खोल, मग टाचांपाशी दोन छोटी डबकी.

आणि त्या आयतापासून ठिपक्यांची एक ओळ निघाली होती. डावा, उजवा, डावा, उजवा. मागच्या खोलीच्या दारातून बाहेर, पुढच्या खोलीला वळसा घालून स्वयंपाकघरात, तिथून मोरीपर्यंत. सतरा ठिपके. माणूस एकदा चालला तर पाऊल उमटतं. इथे पावलं नव्हती. पावलांच्या जागा होत्या, घासून घासून खोलगट झालेल्या, जुन्या पायरीसारख्या. कुणीतरी नेमकं त्याच वाटेने इतक्या वेळा गेलं होतं, की पायाला दुसरी जागा उरली नव्हती.

आदल्या संध्याकाळी याच मातीवरून दहा टनांचा रोलर बारा वेळा गेला होता. माणसाचं वजन साठ किलो. मी मनात भागाकार केला. त्या उत्तराचा काही उपयोग नव्हता.

ताई माझ्या शेजारी येऊन कधी उभी राहिली ते कळलं नाही. तिने वाकून त्या आयताकडे बघितलं. मग म्हणाली, “कुणीतरी झोपून आहे.”

“पाणी साचलंय, ताई.”

“मला शिकवू नकोस. आजीला मी तीन वर्षं बघत होते. तिच्या गादीला असाच खळगा पडला होता.” तिने बोटाने ठिपक्यांची ओळ आखली. “आणि हे मोरीपर्यंत. भांडं घेऊन जायचं, धुवायचं, परत यायचं. एकच माणूस करतंय. दुसऱ्या कुणाची वाट नाही बघ.”

तेवढ्यात भाऊजी आले. त्यांनी बघितलं. त्यांना विनोद सुचेना, आणि विनोद न सुचलेले भाऊजी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. ते खाली बसले, बूट काढले, मोजे काढले, पॅन्ट दुमडली आणि पलंगापासच्या पहिल्या ठिपक्याकडे पाऊल उचललं.

“थांबा!” मी इतक्या जोरात ओरडले की काकांनी टँकर थांबवला. “पाय ठेवू नका त्यात.”

“बसतोय का तेवढं बघतो,” ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता. “माझा असेल तर चालणारा मी.”

“अहो, मागे या,” ताई म्हणाली. ते मागे आले. ओले पाय तसेच घेऊन उभे राहिले.

ताईने मला विचारलं, “तुला मोजून कळेल ना? पावलं कुणाची?”

मला एका मिनिटात कळलं असतं. ताई चालते तेव्हा दोन पावलांत बावन्न सेंटिमीटर पडतात. वर्षभर मी तिला बिंदूमागून बिंदू चालताना बघतेय, मला तिच्या पावलांवरून अंतर सांगता येतं. भाऊजींची ढांग अडुसष्टची. टेप माझ्या हातात होती. लांबून मला ते अंतर बावन्नचंही वाटलं आणि अडुसष्टचंही. पाण्याच्या कडा थरथरत होत्या.

“दुपारी सांगते,” मी म्हणाले.

दुपारी मी मोजलं नाही. दुपारी मी असं काही केलं, जे आजही कुणाला आपणहून सांगत नाही.

चौदा नंबर पाणीवाल्या काकांना मिळाला होता. चौदाची बशी नीट होती, वरचा थरही झाला होता, सही तेवढी बाकी होती. मी काकांकडे गेले आणि म्हणाले की नऊ नंबरला एखादा दिवस जास्त लागेल. भाऊजींना घाई आहे, तुमची हरकत नसेल तर अदलाबदल करू. साहेबांना काय, घर ते घर. काकांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं, घरात ते एकटेच राहणार होते. एकट्याच्या घरात भांडं घेऊन मोरीपर्यंत जायला दुसरं माणूस कुठून येणार, असा हिशोब मी केला होता आणि त्याला शास्त्र समजत होते.

“नऊ नंबरवर ती दोघं बसायची,” काका म्हणाले. “मला टँकरवरून दिसायचं.”

“मग बोलला का नाहीत?”

“इतकी हसत होती ना ती दोघं, पोरी. कोणत्या तोंडाने उठवायचं?” त्यांनी टँकरची चावी खिशात टाकली. “घे चौदा. मी म्हातारा, मला काय बसायचं ते बसू दे.”

माझी मान खाली गेली. पण मी अदलाबदलीच्या कागदावर काकांची सही घेतली, आणि तो कागद साहेबांकडे देऊन आले.

ताई चिडली. “मला न विचारता माझं घर फिरवलंस? आणि काकांच्या गळ्यात ते घातलंस?”

“जमिनीतला दोष आहे तो, ताई. चौदात नाही.”

“तू एवढी शिकलीस, आणि घर बदललं की हे आमच्या मागोमाग येणार नाही, हे तुला पटतंय?”

“मला काहीच पटत नाही. पण मी सही करणार आहे ना, मग मला सपाट जमिनीवर करू दे.”

गुरुवारी सकाळी पाणी मारल्यावर नऊ नंबरवर एकही ठिपका नव्हता. लेव्हल लावली, सगळे बिंदू घेतले. पॅड सपाट. काकांच्या घराला कसला धोका नव्हता, आणि हे बघून मला बरं वाटायला हवं होतं. मी दुर्बिणीला डोळा लावून तशीच उभी राहिले. समोर ताई उलटी उभी होती, पट्टी धरून. ती विचारत होती, “काय झालं? बोल ना.” तोंड हलताना दिसत होतं, तेही उलटं.

दोष जमिनीत असता तर तो नऊलाच राहिला असता.

शुक्रवारी तो चौदावर आला.

या वेळी मी एकटीच गेले होते, टँकरच्याही आधी. दवाने पॅड ओलसर होता आणि दवातसुद्धा दिसत होतं. चौदाचा नकाशा नऊच्या उलट हाताचा आहे, त्यामुळे सगळं आरशात बघितल्यासारखं होतं. पलंग उजव्या भिंतीला. चार पाय. कमरेचा खळगा. सतरा जागा, मोरीपर्यंत. खळगा बुधवारपेक्षा खोल दिसत होता. तिकडचं काही पुसलं गेलं नव्हतं, सामान उचलून आणावं तसं सगळं इकडे आलं होतं.

मी कडेला उकिडवी बसले. माझ्यासमोर दोन रस्ते होते. सही नाकारायची. मग ताई बाराव्या साईटवर जाईल, आणि जे झोपून राहणार आहे ते पत्र्याखाली झोपून राहील. किंवा सही करायची.

ताई आली. तिने बघितलं आणि कमरेवर हात ठेवले. रागावलेली बाई घरात पसारा बघून ठेवते तसे.

“आलं ना मागोमाग?”

“आलं.”

“मी सांगितलं नव्हतं?”

“ताई, मी मोजते आता.” मी टेप काढली. “एकदाचं कळू दे. तू का भाऊजी.”

“टेप आत ठेव.”

“तूच म्हणाली होतीस ना.”

“बुधवारी म्हणाले होते. दोन रात्री विचार केला. कळलं की चालणारी मी आहे, तर मी त्यांच्याकडे रोज बघत बसेन. आज खोकला आला का, आज धाप लागली का. आणि कळलं की झोपलेली मी आहे, तर ते माझ्याकडे तसं बघतील. ते बघणं नको मला.” ती कडेकडेने चालत मोरीपाशी गेली, आत पाय न ठेवता. “पण हे सतरा का?”

“काय सतरा का?”

“इतकं लांब कशाला चालायचं? बिचारं जे कोण आहे ते भरलेलं भांडं घेऊन आख्खं घर ओलांडतंय. मोरी त्या टोकाला ठेवली कुणी? नकाशेवाल्याला आजारी माणूस कधी दिसलं नाही वाटतं.”

मी नकाशा उघडला. आम्ही दोघी त्यावर वाकलो. मोरी मागच्या खोलीला लागून घेता येत होती. पाइपचा चर अजून खणलेला नव्हता. स्वयंपाकघर सरकवलं तर त्या भिंतीत दार काढता येत होतं. ताईने दाराची रुंदी अंगठ्याने मोजली. “एवढ्यातून खुर्ची जाईल? चाकांची?”

“नाही.”

“मग वाढव. आणि उंबरा नको.”

“उंबऱ्याशिवाय मोरीचं पाणी आत येईल.”

“उतार दे. तू मिलिमीटर ना? दे की दोन-चार मिलिमीटरचा उतार.”

नकाशेवाला कुरकुरला. शुक्रवारी दुपारी कुणी मोरी हलवतं का, म्हणाला. भाऊजी त्याच्या टेबलासमोर उभे राहिले. म्हणाले, “हे बघा, बायकोचं म्हणणं, मेव्हणीचं म्हणणं, आणि मी दहा टनांचा रोलर दारात लावलाय.” दोन दिवसांत त्यांना सुचलेला हा पहिला विनोद. नकाशेवाल्याने रेघा खोडल्या आणि नव्या ओढल्या. साहेबांनी कोपऱ्यात शिक्का मारला. भाऊजींनी एकदाही विचारलं नाही की रुंद दार कशासाठी. बाहेर पडल्यावर एवढंच म्हणाले, “बटण पलंगाच्या उशाशी घ्यायला सांग. दिव्याचं. हात पुरला पाहिजे.”

जमीन नकाशे वाचत नाही. हे मला कुणी परीक्षेत विचारलं असतं तर मी ठाम लिहिलं असतं. त्या दिवशी चौदा नंबरवर आम्ही रोलर फिरवला नाही, थर टाकला नाही, काहीच केलं नाही.

शनिवारी सकाळी आम्ही चौघं पॅडच्या कडेला उभे होतो. काकांनी टँकरचा पाइप हातात धरून पाणी मारलं, हळू, बागेला घालावं तसं. पाणी पसरलं आणि मुरलं.

पलंग तिथेच होता. कमरेचा खळगाही होता, आणखी जरासा खोल. त्यात काही फरक पडला नव्हता. पण दाराची फट रुंद झाली होती. पलंगापासून निघालेली ओळ आता सरळ भिंतीकडे जात होती आणि नव्या मोरीत संपत होती. जिथून आधी वळसा होता तिथे माती कोरडी, सपाट.

ताईने बोटाने मोजलं. मग मला म्हणाली, “तू मोज.”

“सहा,” मी म्हणाले.

“सहाच ना?”

“सहा.”

“मग जमेल,” ती म्हणाली. कुणाला जमेल ते तिने सांगितलं नाही आणि आम्ही कुणी विचारलं नाही. भाऊजींनी नाक शिंकरलं आणि उगाच काकांवर खेकसले की पाणी किती मारताय, तळं करायचंय का परत.

मी फॉर्म गुडघ्यावर ठेवून भरला. घनता, पाण्याचं प्रमाण, बसण्याची सरासरी. सरासरी काढली की सगळं नीट दिसतं. शेऱ्याच्या रकान्यात ‘पॅड योग्य’ लिहिलं, सही केली, तारीख टाकली.

अकरा वाजता काँक्रीटची गाडी आली. पन्हाळीतून करडा माल घरंगळत पॅडवर उतरला. पुढची खोली भरली, स्वयंपाकघर भरलं. फळी मारणारा मिस्त्री मागच्या खोलीत पोचला आणि तिथे अडला. फळी ओढून सपाट करायचा, पाठ वळली की त्याच जागी माल पुन्हा खचायचा. त्याने तीनदा घमेलं ओतलं.

“अहो बाई,” तो ताईला ओरडला, “इथे जास्त खातंय!”

ताई गुडघाभर रबरी बुटांत कडेला उभी होती. तिने गाडीवाल्याला पन्हाळ इकडे वळव म्हणून हात केला.

“खाऊ दे,” ती म्हणाली. “लागेल तेवढं घाला.”